शब्बाथशाळेतलं काळं पान आणि एक पोट्टी: बायबल नेमकं कसं वाचावं?

पऱ्हाटी_दारव्हा

नमस्कार सगळ्यांना, प्रश्न लांब आहे पण पूर्ण वाचा ही विनंती.

आमच्या गावात ख्रिस्ती घरं वीस-बावीस, पणजोबापासून आम्ही मंडळीत आहोत, अन् रविवारी सकाळी लेकरांची शब्बाथशाळा मी घेते. मागच्या रविवारी मी ते बिनअक्षरांचं पुस्तक घेऊन बसले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, तळहाताएवढं पुस्तक असते, आत नुसते रंग, काळं पान म्हणजे पापानं भरलेलं मन, लाल म्हणजे येशूचं रक्त, पांढरं म्हणजे धुतलेलं मन. मी स्वतः लहानपणी याच्यावरूनच शिकली. तर मी काळं पान उघडलं, म्हटलं आपलं मन असं असते, अन् पुढं बसलेली सात वर्षांची एक पोट्टी, तिनं आपला हात हळूच त्या पानाच्या बाजूला नेऊन ठेवला. रंग पाहत होती. बोलली काहीच नाही, नुसतं माझ्याकडं पाहिलं. तेवढ्यात बाजूचं पोट्टं ओरडलं, "ताई पाहा ना, हिचा हात पापाच्या रंगाचा!" सगळे हसले. मी घाईघाईत पान उलटवलं अन् गाणं सुरू केलं, मला दुसरं काही सुचलंच नाही.

त्या दिवसापासून नीट झोप नाही. मी पण काळीच आहे हो. लग्नाच्या वेळी तीन ठिकाणाहून "मुलगी चांगली आहे पण" असा निरोप आला होता, त्या पणच्या पुढं कोणी काही बोललं नाही अन् बोलायची गरजही नव्हती. घरी भिंतीवर येशूचा फोटो आहे, सोनेरी केस, गोरा गोरा, त्याच्यापुढं मी इतकी वर्षं गुडघे टेकले अन् माझ्या मनात कधी आलंच नाही की मी याच्यासारखी दिसत नाही, म्हणजे आलं असेल पण मी ते आत दाबलं असेल.

माझा मावसभाऊ नागपूरला शिकतो, तो म्हणाला की अमेरिकेतले काळे ख्रिस्ती लोक बायबल वेगळ्या जागेवरून वाचतात, गुलामीची जखम भरून यावी, माणूस पुन्हा सगळा एकसंध व्हावा म्हणून वाचतात. ते काय करतात नेमकं? कुठले उतारे घेतात? अन् आपण ते घेतलं तर चालते का, की दुसऱ्याचं दुःख उगाच आपल्या अंगावर घेतल्यासारखं होते? येत्या रविवारी मला परत त्या पोट्टीसमोर बसायचं आहे.

निवृत्त_मास्तर_अचलपूर

बेटा, आधी त्या पुस्तकाचं सांगतो. ही कल्पना लंडनच्या स्पर्जन नावाच्या प्रवचनकारानं १८६६ साली मांडली, तेव्हा तीनच रंग होते, काळा लाल पांढरा. म्हणजे ते एका माणसानं शिकवण्यासाठी काढलेलं साधन आहे, शास्त्र नाही, हे मनात पक्कं कर. आता यशयाचा पहिला अध्याय उघड, अठरावं वचन, जे आपण पांढऱ्या पानाला म्हणतो. तिथं पापाचा रंग कोणता सांगितलाय? लाल. किरमिजी. काळा शब्दच नाही त्या वचनात! आणि दुसरं, गणनाचा बारावा अध्याय. मोशेची बायको कूशी होती, कूश म्हणजे मिसरच्या, आताच्या इजिप्तच्या, दक्षिणेचा देश, आफ्रिकेतला, तिच्यावरून मोशेची बहीण मिर्याम कुरकुरली तर तिच्या अंगावर कोड उठलं, बर्फासारखं पांढरं. म्हणजे त्याच शास्त्रात बर्फासारखं पांढरं होणं ही एके ठिकाणी शिक्षा आहे. अमेरिकेतले काळे वाचक अशाच जागी थांबतात, जिथून आपल्याला घाईनं पुढं नेलं जातं.

तुझं ते "चांगली आहे पण" वाचून माझ्या पोटात कालवलं म्हणून हे सांगतो. गीतरत्नाच्या पहिल्या अध्यायात पाचव्या वचनात ती तरुणी स्वतःबद्दल बोलते, मी काळी आहे, सुंदर आहे. मूळ हिब्रूत ह्या दोन शब्दांच्या मधे एकच अक्षर आहे, वाव, त्याचा अर्थ "आणि" पण होतो आणि "पण" पण होतो. १६११ च्या इंग्रजी भाषांतरवाल्यांनी "पण" निवडला, आपल्याकडंही तीच परंपरा आली, "काळी असले तरी". नंतरच्या काही भाषांतरांत "आणि" आहे. काळी आणि सुंदर. तुला तीन ठिकाणाहून जो "पण" आला तो हिब्रूनं पाठवलेला नव्हता बेटा.

आता ते वाचतात कसं, तर मी एका आजीची गोष्ट सांगतो. हॉवर्ड थर्मन नावाचे काळे धर्मचिंतक होते, त्यांचं येशू आणि नाडलेल्या लोकांवरचं छोटं पुस्तक १९४९ साली आलं, त्यात त्यांनी हे लिहिलंय. त्यांची आजी फ्लोरिडात राहायची, गुलामीत जन्मलेली, वाचता येत नव्हतं. नातू तिला बायबल वाचून दाखवायचा. स्तोत्रं वाच, यशया वाच, शुभवर्तमान वाच, पण प्रेषित पौलाची पत्रं नाही. फक्त कधीतरी पहिल्या करिंथमधला प्रीतीचा अध्याय, तेवढाच. मोठा झाल्यावर थर्मननी भीतभीत विचारलं, आजी असं का? तर म्हणाली, गुलामीच्या काळात मालकाचा गोरा पाळक यायचा अन् दर वेळी पौलाचंच वचन घ्यायचा, दासांनो आपल्या धन्याच्या आज्ञेत राहा. मी तेव्हाच देवाला वचन दिलं होतं, कधी सुटका झाली आणि कधी वाचायला शिकले तर तो भाग वाचणार नाही.

निरक्षर बाई, पण शास्त्र कोणाच्या तोंडून येतंय आणि ते ऐकून आपली मान वर होते की खाली जाते हे तिला बरोबर कळत होतं. ह्याच्यापेक्षा मोठं शिक्षण मी चाळीस वर्षं मास्तरकी करून कोणाला दिलेलं नाही.

आणि "चालते का" म्हणशील तर हेच थर्मन आपल्या बायकोसोबत १९३५-३६ मधे भारतात आले होते, १९३६ साली बारडोलीला गांधीजींना भेटले. तेव्हा ही ये-जा जुनी आहे. फक्त सांगताना त्यांचं म्हणून सांग, आपलं असल्यासारखं नको.

मंडळीचा_सेवक

प्रभूमध्ये सलाम. ताईंचं दुःख खरं आहे आणि त्या मुलावर रागावायला हवं होतं. पण मला भीती वाटते की आपण मंडळीत रंग, वंश, जात आणली तर फूट पडेल. ख्रिस्तामध्ये यहूदी नाही हेल्लेणी नाही, दास नाही स्वतंत्र नाही, पुरुष नाही स्त्री नाही, सगळे एक आहेत, गलतीकरांस ३:२८. हे एवढं स्पष्ट वचन असताना काळ्यांचं वाचन आणि गोऱ्यांचं वाचन असं वेगळं कशाला? लेकरांच्या डोक्यात नको ते भरेल असं वाटतं. चूक असेल तर सांगा.

निवृत्त_मास्तर_अचलपूर

सेवकभाऊ, तुमची काळजी मला समजते. पण तुम्ही जे वचन दिलं त्याचीच गोष्ट ऐका. १८०७ साली लंडनमधे एक बायबल छापलं, वेस्ट इंडीज बेटांवरच्या काळ्या गुलामांसाठी निवडक भाग म्हणून. पूर्ण बायबलात ११८९ अध्याय, त्याच्यात ठेवले फक्त २३२. मोशे लोकांना मिसरातून सोडवून नेतो ते काढून टाकलं. योसेफ विकला जातो आणि गुमान काम करतो ते ठेवलं. इफिसकरांसचं दासांनो आज्ञा पाळा ते ठेवलं. आणि गलतीकरांस ३:२८, दास नाही स्वतंत्र नाही, ते कापलं!

त्याच्या प्रती आता दोनचारच उरल्या आहेत, एक अमेरिकेत फिस्क विद्यापीठाकडं आहे, काळ्या विद्यार्थ्यांसाठी निघालेलं विद्यापीठ आहे ते. तेव्हा भाऊ, वेगळं वाचन त्यांनी सुरू नाही केलं. वेगळं बायबल छापून आधी त्यांच्या हातात दिलं गेलं, त्यांनी फक्त कापलेली पानं परत मागितली.

सिस्टर_वणी

मी दवाखान्यात नर्स हाय, माय माझी अजून कापूस वेचाले जाते. मास्तर लय शिकलेले हायेत, मी माह्या अनुभवातलं सांगतो.

आम्ही पाचसात बाया बुधवारी संध्याकाळी बसतो. वेचणीच्या दिवसात बाया थेट वावरातूनच येतात, कमरेची ओटी सोडलेली असते पण कंबर काही सुटत नाही, बोंडाच्या टोकानं बोटं चिरलेली असतात, त्याच बोटानं पान उलटतात. मागच्या दिवाळीनंतर आम्ही लूक १३ घेतला, अठरा वर्षं वाकलेली बाई. म्या हळूहळू वाचलं, दोनदा. मंग म्हटलं, कोनी काही सांगू नका, फक्त ते बाई वाकून चालते तवा तिले काय दिसते ते सांगा. एक जण म्हने पाय. दुसरी म्हने लोकायचे पाय, तोंड नाही दिसत. तिसरी लय वेळ चूप होती मंग म्हने, "तिले आभाय कवा दिसलं असन वं?" अन् रडाले लागली. त्यायच्यातली ती सगळ्यात म्हातारी, तिची कंबर तशीच हाय.

हे वाचन म्या कुठून शिकली तं अमेरिकेतल्या काळ्या बायांकडून. तिकडच्या दक्षिणेत त्यायच्या आज्या-पणज्यायनं गुलामीत कापूसच वेचला ना. अन् १८६१ मधे तिकडं लढाई पेटली, तिकडचा कापूस विलायतेले जायचा बंद झाला, म्हनून वऱ्हाडच्या कापसाले भाव चढला, खामगावची बाजारपेठ तवाच फुगली. एकच पऱ्हाटी, दोन देशातल्या बायायची कंबर मोडली. म्हनून ताई, मले नाही वाटत आपण उसनं घेऊन रायलो.

पण एक सावध करतो. हागार घेशील तं गोड करून सांगू नको. हागार मिसरी, म्हणजे आफ्रिकेतली, दासी, मालकिणीनं, सारानं, नवऱ्यापाशी, अब्रामपाशी, दिली, पोट दिसाले लागल्यावर तिचाच छळ केला. ते पयाली. देवदूत भेटला तं पयले तिचं नाव घेऊन विचारते, हागार कुठून आली, कुठं चालली? पूर्ण कथेत सारा अन् अब्राम तिचं नाव एकदाबी घेत नाहीत, दासीच म्हणतात, तू पाहून घे. अन् तीच बाई देवाचं नाव ठेवते, मले पाहणारा देव. पण त्याच ठिकाणी देवदूत तिले म्हणते, वापस जाय. डेलोरेस विल्यम्स म्हणून काळ्या धर्मपंडित बाई होत्या, त्यायनं १९९३ च्या पुस्तकात हेच सरळ मांडलं, का इथं देव तिले सोडवत नाही, जगाले वाट देते, पाणी दाखवते. सुटका अन् जगणं ह्या दोन गोष्टी हायेत. माह्याकडं मार खाऊन आलेल्या बाया येतात, मी त्यायच्या टाक्याले हात लावतो, मी त्यायले देवाचं नाव घेऊन वापस जाय कसं म्हणू? मी नाही म्हणत. ते वचन वाचतो अन् म्हणतो का हे मलेबी दुखते.

सेवकदादा, लेकराच्या डोक्यात ते आधीच भरलेलं हाय, म्हनून तं ते हसले. आपण काढाचं काम करून रायलो.

अन् पोट्टीले आपलाच शब्द सांग ना. आपल्या गावात काळी म्हणजे वावर अन् पांढरी म्हणजे वस्ती. पिकते कोणती?

वर्धेचा_वाचक

मी बौद्ध आहे, आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा घेतली. तरी लिहितो कारण विषय आमचाही आहे. जोतीरावांनी १८७३ ला गुलामगिरी छापली तेव्हा ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या लोकांना ज्यांनी निग्रो गुलामी मोडायला स्वतःला वाहून घेतलं. बाबासाहेबांनी १९४६ मधे अमेरिकेतले काळे विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिलं, निग्रो लोकांचा अर्ज संयुक्त राष्ट्रांत जातोय त्याची प्रत मागितली, अन् त्यांचं उत्तरही आलं. १९७२ ला दलित पँथर निघाली ती नावच तिकडच्या ब्लॅक पँथरकडून घेऊन. म्हणजे ताई, हे नातं विदर्भात चर्चच्या बाहेरही खोल रुजलेलं आहे, तुम्ही एकट्या नाही.

पण माझा मनापासूनचा प्रश्न आहे, भांडण म्हणून नाही. ज्या पुस्तकाचा आधार घेऊन शंभर शंभर वर्षं माणसं विकली त्याच पुस्तकात औषध कायले शोधायचं? आमच्या लोकांनी तर मनुस्मृती सोडली, जाळली, अन् मान वर झाली. हामचा, म्हणजे नोहाच्या मुलाचा, शाप म्हणून काळ्यांना गुलाम ठरवलं ना याच बायबलातून? खैरलांजी २००६ ची, आमच्या विदर्भातलीच, जिथं एका दलित घरातली चौघं मारली, ती आठवली की मला कोणत्याच देवाकडं पाहावंसं वाटत नाही.

निवृत्त_मास्तर_अचलपूर

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही आणि तुमचा रस्ता खरा आहे, त्याच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. हामच्या शापाचं आधी सांगतो, उत्पत्ती ९ मधे शाप हामला नाहीच, त्याच्या मुलाला कनानला आहे, आणि तोही देवानं दिलेला नाही, दारूतून जागा झालेल्या नोहानं दिलेला. त्वचेच्या रंगाचा एक शब्द नाही. ते सगळं नंतर लोकांनी घुसवलं कारण त्यांना गुलाम पाहिजे होते.

राहिलं पुस्तक सोडायचं. काळ्या लोकांतही अनेकांनी सोडलं. ज्यांनी नाही सोडलं ते भोळे होते म्हणून नाही. फ्रेडरिक डग्लस गुलामीतून पळालेला माणूस, १८४५ साली त्यानं लिहिलं की ह्या देशाचा ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्ताचा ख्रिस्ती धर्म ह्यांच्यात इतकं अंतर आहे की एकाला चांगलं म्हणायचं तर दुसऱ्याला वाईट म्हणावंच लागतं. रिचर्ड अॅलन स्वतः गुलामीत जन्मलेला, त्यानं फिलाडेल्फियात काळ्यांची वेगळी मंडळी उभी केली आणि १८१६ ला तिचा स्वतंत्र चर्चसंघ झाला. वाचायचं पण मालकाच्या खांद्यावरून नाही, असा तो रस्ता होता.

खैरलांजीचं तुम्ही लिहिलं म्हणून एक उतारा सांगतो, समजावण्यासाठी नाही, फक्त आठवला म्हणून. २ शमुवेल २१. रिस्पा नावाची आई, तिची दोन मुलं राजाच्या हिशेबात फासावर गेली. तिनं खडकावर तरट अंथरलं आणि कापणी सुरू झाल्यापासून पाऊस पडेपर्यंत दिवसा पाखरं आणि रात्री जनावरं त्या प्रेतांवर येऊ दिली नाहीत. १९५५ ला मिसिसिपीत एमेट टिल नावाच्या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला मारून नदीत टाकलं, तेव्हा त्याच्या आईनं शिकागोत शवपेटी उघडी ठेवली, लोकांनी पाहावं म्हणून. जेम्स कोन ह्या काळ्या धर्मपंडितांनी तर सरळ लिहिलं की वधस्तंभ आणि जमावानं काळ्यांना जिथं टांगून मारलं ती लिंचिंगची झाडं एकमेकांशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय अमेरिकेत येशू कळणार नाही. रिस्पा एक शब्द बोलत नाही पूर्ण अध्यायात. मी ते मोठ्यानं वाचू शकत नाही, आवाज अडकतो.

वर्धेचा_वाचक

वाचलं. रिस्पा माहीत नव्हती. मी माझ्या आईला सांगेन.

मंडळीचा_सेवक

गलतीकरांसचं ते वचन कापलं होतं हे मला खरंच माहीत नव्हतं, सेमिनरीत पण कोणी सांगितलं नाही. मी ते वचन नेहमी लोकांना गप्प करायला वापरतो की काय असा विचार दोन दिवस करतोय. ताई, लेकरांना हागार, रिस्पा हे जड जाईल. यिर्मया ३८ पाहा, एबद-मलेख. तो पण कूशीच आहे. लहानांना जमेल असं वाटतं.

पऱ्हाटी_दारव्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवार झाला, म्हणून सांगायला आले.

सेवकदादांचं ऐकलं, एबद-मलेख घेतला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, यिर्मया खरं बोलला म्हणून त्याला हौदात उतरवलं, पाणी नव्हतं, चिखल होता, तो त्यात रुतत चालला. राजवाड्यात काम करणारा हा काळा माणूस, तोच एकटा राजासमोर उभा राहून म्हणतो हे वाईट केलं. मग माणसं घेऊन जातो, पण दोर टाकायच्या आधी भांडारातून जुन्या चिंध्या काढतो, खाली सोडतो अन् सांगतो की ह्या काखेत ठेव अन् त्याच्यावरून दोर घे. मी हे लहानपणापासून शंभरदा ऐकलं असेल पण चिंध्यांपाशी कधी थांबलेच नव्हते.

चर्चच्या पायऱ्यांखाली हौद केला, बाबांनी बैलाचा कासरा दिला, आईचं जुनं लुगडं फाडून चिंध्या केल्या. पोट्टीला म्हटलं तू एबद-मलेख होशील का, तो तुझ्याच रंगाचा होता अन् त्यानं संदेष्ट्याला वाचवलं. तिनं विचारलं, "खरंच काळा होता का तुम्ही म्हणता?" मी तिला पुस्तकात कूशी शब्द दाखवला, त्याच संदेष्ट्याचं तेरावा अध्याय तेविसावं वचन पण दाखवलं, कूशी माणसाला आपली कातडी बदलता येईल काय. तिथं ती अडकली, म्हणाली बदलायची कायले? मला उत्तर आलं नाही, मी म्हटलं बरोबर, नाहीच बदलायची.

यिर्मया कोण झाला तर तेच हसणारं पोट्टं, स्वतःहून झालं. खाली बसून ओरडत होतं, दोर टाक ना लवकर. अन् ही वरून, "आधी चिंध्या काखेत घे, दोर रुतन तुले!" दोनदा सांगितलं तिनं, त्यानं नीट घेतल्याशिवाय ओढलंच नाही.

रंगीत पुस्तकाचं काळं पान मी उघडलं अन् विचारलं, आपल्या गावात काळं काय काय आहे? वावर, विहिरीतली सावली, म्हशी, आबाजीचा हात, पाऊस यायच्या आधीचं आभाळ. पाप कोणीच म्हटलं नाही, मी पण नाही.

अजून एक, भिंतीवरचा फोटो मी काढला नाही, आईला आवडतो, पण आता तो पाहताना मला तो कोणीतरी तिकडच्या माणसानं काढलेला फोटो वाटतो, एवढा फरक पडला.

सिस्टर, पुढच्या बुधवारी मी तुमच्याकडं बसायला येऊ का? दारव्ह्यावरून यवतमाळ, तिथून वणीची दुपारची एसटी मिळाली तर संध्याकाळपर्यंत पोचेन. माझ्या काकूला पण आणते, ती लूक १३ ची बाई आहे.

सिस्टर_वणी

ये वं माय. मुक्कामानंच ये, रात्रीची वापसीची गाडी नाही. काकूले समोरची सीट पाहून बसव, मांगं लय दचके बसतात.